आरशाखालची गादी

१

दोर ताठ होता, गाठ पक्की होती, आणि दोराखाली असायला हवी होती ती गादी तेवढी नव्हती.

हे उघड झालं एका संध्याकाळी, राजूरला आमच्या शेजारी, छबूबाईंच्या दारात. त्यांच्या रविराजचं लग्न नुकतंच श्रीगोंद्याच्या आरतीशी झालं. नवरी आधी आली आणि तिचा संसार मागून पिकअपने आला. कपाट, पलंग, तांब्या-पितळेची भांडी, ड्रेसिंग टेबलचा आरसा, आणि डबलबेडची कापसाची भलीमोठी गादी. त्या गादीची वर्दी आधीच फोनवरून आलेली होती, त्यामुळे अर्धी आळी ती बघायला जमली होती. माणसं नवरीपेक्षा गादीसाठी जास्त जमतात, हे मी या वयात शिकलो.

पिकअप कल्याण नावाच्या ड्रायव्हरची. तो पाथर्डीकडच्या ऊसतोड कुटुंबातला. कोयता सोडून त्याने गाडी धरली आणि लोकांचा माल वाहायला लागला. त्याच्याबरोबर केबिनमध्ये होता आरतीचा भाऊ हर्षल, सुप्याच्या एका कंपनीत कामाला असलेला. आणि संगमनेरहून चढलेले बन्सीमामा, छबूबाईंचे धाकटे भाऊ. हे गृहस्थ कोणत्याही लग्नात न बोलावता पुढारपण करतात आणि जेवायला मात्र बोलावल्यावरच बसतात.

"वाटंत पडली आसंल," कल्याण खाली बघत म्हणाला.

"दोर न सुटता गादी पडती व्हय?" बन्सीमामांनी विचारलं. "का उडून गेली पाखरावानी? इकली म्हन की सरळ."

हर्षलही म्हणाला की पडली असेल. छबूबाई गाडीभोवती एक फेरी मारून आत गेल्या, आणि ते जास्त भीतीदायक होतं. बन्सीमामांनी गाडीची चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली. कल्याण रात्रभर केबिनमध्ये बसून राहिला.

सकाळी मामांनी कल्याणचा आणि त्याच्या नंबरप्लेटचा फोटो काढला. जिल्ह्यातल्या सगळ्या टेम्पो-पिकअपवाल्यांचा आणि त्यांना भाडी देणाऱ्या व्यापाऱ्यांचा एक मोबाईल ग्रुप आहे. त्यावर टाकायला मजकूरही तयार केला: हा ड्रायव्हर चोर आहे, याला माल देऊ नका.

"सगळ्यांचा चहा झाला की टाकतो," मामा म्हणाले.

तो फोटो एकदा गेला असता तर नेवाशापासून जामखेडपर्यंत कल्याणला कोणी बटाट्याचं पोतं दिलं नसतं. त्याची गाडी म्हणजेच त्याचं नाव होतं, आणि ते नाव एका चहाच्या अंतरावर उभं होतं.

तेवढ्यात आमच्या मागच्या दाराची कडी वाजली. बाहेर आरती होती, डोक्यावरचा पदर सावरत, रडून डोळे सुजलेले.

"काका, काकू हायत का घरात?"

माझ्याकडे कोणी कधी येत नाही. सगळे काकूंकडे येतात.

२

काकू म्हणजे आमची विजयमाला. उभी हयात एसटीत कंडक्टर होती. मी राधाकृष्ण, गणिताचा मास्तर होतो, पण घरातला हिशोब तिचाच बरोबर यायचा. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले तरी पाहुणा घरात आला की ती आधी विचारते, कुठून बसलात. तिचं एक ठाम मत आहे, की माणूस तिकिटाच्या वेळी खोटं बोलतो पण त्याचं सामान खोटं बोलत नाही.

"कल्याणदादा चोर न्हाई, काकू," आरती म्हणाली. "आमच्या सगळ्या गावाचा माल त्यो नेतो. पन मी नवी नवरी, सासूबाईंम्होरं कशी बोलू?"

"तू नको बोलू. फोन दे तुझा. गाडी निघताना कोनी फोटो काढलाय का?"

काढला होता. आरतीच्या धाकट्या बहिणीने पाठवला होता. भरलेली पिकअप, समोर नारळ फोडणारा कल्याण, शेजारी हसणारा हर्षल, खांद्यावर मरून रंगाची शाल. विजयमाला तो फोटो बोटांनी मोठा करकरून इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं तिचा चष्म्याचा नंबर वाढला.

मग ती छबूबाईंच्या ओसरीवर जाऊन बसली. मामांच्या हातात चहाची बशी होती.

"बन्सीभाऊ, तुमी कुठं चढला?"

"संगमनेरात. स्टँडाम्होरं लई वेळ उभा ठेवला ह्यांनी. उसाचा रस पिऊन पिऊन पोट फुगलं, पन गाडीचा पत्ता न्हाई."

"चढला तवा गादी व्हती?"

मामा जरा थबकले. "दिसली न्हाई. मला वाटलं, खाली कुठं दाबली आसंल."

म्हणजे गादी संगमनेरच्या आधीच गेली होती. विजयमालाने हर्षलला बाजूला घेतलं.

"मधे कुठं थांबला व्हता का, बाळा?"

"कुठंच न्हाई, काकू. मला तर डुलकीच लागली व्हती. सरळ संगमनेर."

मग कल्याणला, गाडीपाशी, एकट्याला.

"राहुरीच्या म्होरं थांबलो व्हतो, मावशी. च्याला."

"हर्षल प्याला का?"

"हाव. दोघंबी प्यालो."

झोपलेल्या माणसाने चहा प्यायला, हे मीसुद्धा पकडलं. दोघंही खोटं बोलत होते, आणि दोघांनी मिळून ठरवलेलं खोटं नीट पाठ केलेलं नव्हतं.

इतक्यात कल्याणचा फोन वाजला. त्याने नाव बघितलं आणि घाईने कट केला. पुन्हा वाजला. पुन्हा कट. 

"उचल की," ओसरीवरून मामा ओरडले. "गादीचं गिऱ्हाईक दिसतंय."

कल्याणने फोन बंद करून खिशात टाकला, आणि आळीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

३

"रविराज, सामान कोनी उतरवलं?" विजयमालाने विचारलं.

"मीच, काकू. आन आळीतली पोरं."

"आरसा कुठं व्हता?"

"सगळ्यात वर. ह्या वाकळंवर आडवा ठिवलेला, वरून दोर."

आरसा पडवीत भिंतीला टेकलेला होता आणि त्याच्या पायाशी ती जाड वाकळ पडली होती. जुन्या लुगड्यांची, हाताने शिवलेली, डिझेलच्या वासाची. विजयमाला आरशासमोर उकिडवी बसली आणि काचेवरून हात फिरवला. कुठे ओरखडा नव्हता.

"आता ह्यो फोटो बघा," तिने आरतीचा फोन छबूबाईंच्या पुढे धरला. "श्रीगोंद्यात आरसा कशावर व्हता?"

छबूबाईंनी डोळे बारीक केले. "गादीवर."

"गादी मऊ, म्हनून आरसा तिच्यावर ठिवला. आता मला सांगा, गादी वाटंत पडली आसती तर आरसा हवंत राहिला आसता का? त्योबी पडून चक्काचूर झाला आसता. म्हंजे कुनीतरी गाडी थांबवली, दोर सोडला, आरसा उतरवला, गादी काढली, तिच्या जागी ही वाकळ घातली, आरसा परत ठिवला आन दोर बांधला. पडली न्हाई. काढली."

 मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. आरतीने हिला कल्याणला सोडवायला आणलं होतं, आणि हिने त्याच्याभोवतीचा दोर आणखी आवळला होता.

"वाकळ कुनाची?" छबूबाईंनी विचारलं.

"माझी," कल्याण म्हणाला. "आईनं शिवल्याली."

"झालं की मग," मामांनी बशी खाली ठेवली. "वैनींनीच शाबित केलं. माझा चहाबी झाला."

आरती दाराआड तोंडात पदर धरून उभी होती. हर्षल उठला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, कल्याणने त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि हर्षल परत खाली बसला.

"बन्सी," छबूबाई शांतपणे म्हणाल्या, "टाक त्यो फोटू."

४

"थांबा," विजयमाला म्हणाली. हे तिचं एसटीतलं 'थांबा' होतं. हिने डबल बेल दिल्याशिवाय ड्रायव्हरची काय बिशाद. मामांचं बोट मोबाईलवर अधांतरी राहिलं.

"चोरानं आपली वाकळ का घातली, ह्ये कुनी इचारलं न्हाई. माघाची थंडी हाय. काल रातभर ह्ये पोरगं केबिनीत कुडकुडलं, आन त्येची वाकळ तुमच्या आरशाखाली. ज्याला गादी इकून खायची, त्यो दुसऱ्याच्या आरशाला जपतो व्हय? मला अजून सामान बघायचंय."

छबूबाईंनी मान हलवली. बाई कडक, पण न्यायाला पक्की.

विजयमालाने भांड्यांकडे मोर्चा वळवला. कळशी, घागर, परात, सगळ्यांवर दुकानाचं चकचकीत पॉलिश आणि चिठ्ठ्या होत्या. तांब्याच्या हंड्यावरची चिठ्ठी मात्र निघालेली होती. तिने हंडा उपडा केला. बुडाला घासल्याच्या खुणा होत्या, पण काठाच्या वळीत काळी रेघ राहिली होती. तिने बोट फिरवलं आणि सगळ्यांना दाखवलं. काजळी.

"नवा हंडा चुलीवर कवा चढला?"



मग रुखवताचे डबे. शंकरपाळे भरलेले, चिवडा भरलेला, करंज्या भरलेल्या. डिंकाच्या लाडवांचा डबा अर्धा. मामा लगेच म्हणाले की आपण हात लावला नाही, आणि त्यांच्याबाबतीत मला ते पहिल्यांदाच खरं वाटलं, कारण त्यांनी आधी करंज्यांना लावला असता.

शेवटी ती हर्षलपुढे जाऊन उभी राहिली.

"लग्नात नवऱ्याचा कान पिळला, तवा छबूबाईंनी तुला मानाची शाल दिली. फोटोत ती तुझ्या खांद्यावर हाय. कुठं हाय ती?"

हर्षलने खांद्याला हात लावला, जणू शाल आत्ता तिथे सापडेल. कानपिळीचा मान वाटेत टाकून देणारा भाऊ आमच्याकडे अजून जन्मलेला नाही. छबूबाईंच्या कपाळावर आठी पडली.

"इसरली," तो म्हणाला. 

"इसरली न्हाई," विजयमालाचा आवाज एकदम मऊ झाला. "तू ती गुंडाळलीस. कुनाला गुंडाळलीस, ते मी सांगू का तू सांगतोस?"

५

हर्षलने तोंड ओंजळीत लपवलं. म्हणून तिनेच सांगितलं.

"मऊ गादी. चुलीवर तापवलेलं पानी. शाल. डिंकाचे लाडू. चोराला ह्या गोष्टी एका वक्ताला लागत न्हाईत. बाईला लागतात. राहुरीच्या म्होरं उसाचा पट्टा हाय, आन सध्या तोड चालू हाय. तिथं कुनीतरी बाई अडली व्हती. व्हय ना, कल्याण?"

कल्याण गाडीच्या फाळक्याला टेकला.

"रस्त्यावर तिचा नवरा हात करीत व्हता," तो म्हणाला. "एकबी गाडी थांबंना. ती उसाच्या फडात बसल्याली, नुसत्या ढेकळांवर. अँब्युलन्सला फोन केला, तर म्हनले येळ लागंल. हलवाया गेलो तर वरडायली. माझ्या आईला म्या असाच फडात झालो, मावशी. खाली काय व्हतं, तर उसाचं वाळलं पाचट. आई अजून सांगती, पाठीला टोचायलेलं. म्या गादी काढली. हर्षलदादाला इचारलंबी न्हाई."

"इचारलं आसतं तर हो म्हनलो आसतो," हर्षल ओंजळीतूनच म्हणाला. "हंडा मीच काढून दिला. शालबी. लाडू तिथल्या म्हातारीला दिले. पोरगी झाली. मग अँब्युलन्स आली आन दोघींना घेऊन गेली."

"आन तुमी हंडा घासला, वाकळ घातली, दोर बांधला, आन पडली म्हनायचं ठरवलं," विजयमाला म्हणाली. "का?"

 बोलला तो कल्याण, आणि छबूबाईंकडे न बघता.

"लगीन झालं त्याला चार दिस न्हाईत. परक्या बाईचं बाळंतपन नव्या गादीवर, सुवेराचं पानी नव्या हंड्यात. आरतीताईला जल्मभर ऐकाया लागलं आसतं, असलाच संसार आणला म्हनून. मंग म्या म्हनलं, पडली म्हनू. बोल मला लागंल. ड्रायव्हरला लोक तसंबी बोलत्यात."

"मी शपथ घातली त्याला," हर्षल म्हणाला. "चोरीचा आळ यील आसं वाटलं न्हाई. आल्यावर मी सांगाया निघालो, तर त्योच डोळ्यानं नको म्हनला."

बन्सीमामांनी मोबाईल मांडीवर उपडा घातला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेला माणूस मध्येच अडला की कसा दिसतो, ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं. तरी त्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला.

"कहानी चांगली हाय. पन खरी कशावरून?"

"फोन चालू कर, कल्याण," विजयमाला म्हणाली. "आन मघाच्या नंबराला लाव. समद्यांना ऐकू येईल आसा."

घंटी बरीच वाजली. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, आणि त्याच्या मागे, बारीक, चिडलेलं, जोरदार रडणं.

"कल्याण का? आरं किती फोन करायचे? म्या मनकर्णा. डागदरनं सकाळीच सोडलं, आनली दोघींना फडाकडच्या कोपीत. पोरगी बरी हाय, लय भूक तिला. गादी धुतली बघ समदी, पन कापूस जड झालाय, वाळंना. पाचट टाकून निजवलीय बाळंतिनीला. तुजं तिकडं काय झालं? रागं भरले का लोक?"

"मागून सांगतो," कल्याण म्हणाला. त्याने फोन बंद केला, आणि कालपासून कोरडे राहिलेले त्याचे डोळे भरून आले.

६

सगळे छबूबाईंकडे बघत होते. आरती दाराआडून बाहेर आली होती, पदर सुटल्याचं तिच्या ध्यानात नव्हतं. बाई आता गादीवरून बोलणार, हंड्यावरून बोलणार, की शालीवरून, याचा अंदाज प्रत्येक जण घेत होता.

"सुवेर-सुतक मी पाळते," छबूबाई म्हणाल्या. "ह्या आळीत माझ्याइतकं कुनी पाळत न्हाई. हंडा चिंचंनं घासला का झालं. गादी उन्हात टाकली का झालं. त्येला किती वेळ लागतो?" त्या हर्षलकडे वळल्या, मग कल्याणकडे. "पन तुमी मला इचारलंबी न्हाई. सासू म्हनलं का वाईटच, आसं धरून चालला. त्यापायी ह्यो पोरगा चोर झाला आन मी त्येला रातभर थंडीत ठिवला. ह्ये पाप माझ्या डोक्यावर कुनी टाकलं? तुमीच ना?"

 मला त्या बाईचं इतकं वाईट वाटलं, की इतक्या वर्षांत तिला घाबरण्यात किती वेळ वाया घालवला, असं झालं. हर्षल उठून त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याचा कान धरला आणि चांगला पिळला.

मग त्या आत गेल्या. आतून ओढण्याचा, धापा टाकण्याचा आवाज आला. रविराज धावला. दोघं मिळून दारातून बाहेर आणू लागले ती छबूबाईंची स्वतःची गादी होती. मोठी, दर दोन-तीन वर्षांनी कापूस पिंजून परत भरलेली, घरातल्या कोणालाही त्यांनी कधी तिच्यावर बसू न दिलेली.

"आई, तू कशावर निजशील?" रविराजने विचारलं.

"बाळंतीन पाचटावर निजल्याली ऐकलं ना तू? का बहिरा झाला? बन्सी, चावी दे त्येला."

मामांनी चावी दिली. मोबाईलमधला फोटो त्यांनी आमच्यासमोर पुसला, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

गादी पिकअपमध्ये आडवी टाकली तर दोन्ही बाजूंनी बाहेर आली. कल्याणने दोर आवळला, तरी तो डोकं खाजवत उभा राहिला. सामानाशिवाय नुसती गादी वाऱ्याने उचलते, तो म्हणाला, वर कोणीतरी बसायला हवं. मामांनी लगेच गुडघेदुखी काढली. छबूबाईंनी पदर खोचला, फाळक्यावर पाय दिला आणि चढून गादीच्या मधोमध मांडी घालून बसल्या. त्यांच्या शेजारी आरती चढली. विजयमाला केबिनमध्ये, हर्षल आणि मी मागच्या कोपऱ्यात फळीला धरून.

"हळू चालव रं," छबूबाईंनी वरून हुकूम केला. "आन खड्डा आला का आधी सांग."

दिवस कलता कलता आम्ही पोचलो. उसाच्या फडाच्या कडेला तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, होत्या. एका कोपीबाहेर आरतीची गादी दोन बाजांवर वाळत टाकलेली होती, मधोमध मोठा फिकट डाग, खालून अजून पाणी ठिबकत होतं.

पिकअप ओळखून आतली बाई उठून बसली. विशीची असेल नसेल. इतकी माणसं उतरताना पाहून ती घाबरली आणि भिंतीला धरून उभी राहायला लागली.

"ताई, डाग जाईना," ती छबूबाईंना म्हणाली. "पन म्या अजून धुते. वाळंपर्यंत थांबा तुमी. लगेच घिऊन जावा."

छबूबाई कोपीच्या दारातून वाकून आत गेल्या. त्यांनी तिचा दंड धरला आणि तिला हळूच खाली बसवलं.

"निज गं माझे बाई," त्या म्हणाल्या. "आमी गादी द्यायला आलोय."